आठवणीची धग आणि कार्बन कॉपी : ‘शिंडलर्स आर्क’ कसं लिहिलं गेलं

थॉमस केनीलींची ब्रीफकेस मोडली होती. इटलीत सोरेंतोचा चित्रपट महोत्सव उरकून हे ऑस्ट्रेलियन कादंबरीकार सिडनीला घरी परतत होते आणि वाटेत लॉस एंजेलिसला थांबले होते. बेव्हर्ली हिल्समधल्या चामड्याच्या बॅगांच्या एका दुकानात ते शिरले. मालकाने ब्रीफकेस दाखवली, किंमत ठरली, आणि क्रेडिट कार्डाला मंजुरी येईपर्यंत दोघे वाट बघत बसले. ऑक्टोबर १९८० मध्ये हे काम क्षणात होत नसे. तेवढ्या वेळात मालकाला कळलं की गिऱ्हाईक लेखक आहे. मग तो त्यांना दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे कागदपत्रांनी भरलेली कपाटं होती.

मालकाचं नाव लिओपोल्ड फेफरबेर्ग. सगळे त्यांना पोल्डेक म्हणत. युद्धाआधी ते क्राकोवमध्ये शिक्षक होते, १९३९ मध्ये पोलिश सैन्यात अधिकारी. पुढे घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, मग प्वाशूवची छळछावणी, आणि शेवटी ऑस्कर शिंडलर या जर्मन कारखानदाराचे कामगार म्हणून ते आणि त्यांची पत्नी दोघंही वाचले. शिंडलरची गोष्ट जगाला सांगेन, असा शब्द त्यांनी त्याला दिला होता. दुकानात लेखक किंवा सिनेमावाला आला की पोल्डेक त्याला ही गोष्ट ऐकवत. साठच्या दशकात हॉलिवूडच्या एका मोठ्या स्टुडिओसाठी पटकथाही लिहून झाली होती. चित्रपट झाला नाही, कागद मात्र कपाटात राहिले.

केनीलींनी आधी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला. आपण ज्यू नाही, आयरिश वंशाचे कॅथलिक आहोत. युद्ध सुरू झालं तेव्हा आपण चार वर्षांचेही नव्हतो. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल आपल्याला फारसं ठाऊक नाही. पोल्डेकनी ही तिन्ही कारणं त्यांच्यावरच उलटवली : म्हणून तर तुम्हीच लिहा. ज्याला आधीचं काही माहीत नाही तो मुळापासून विचारेल.

दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, पुस्तक आलं. ब्रिटनमध्ये त्याचं नाव ‘शिंडलर्स आर्क’, म्हणजे शिंडलरचं तारू. अमेरिकेत तेच पुस्तक ‘शिंडलर्स लिस्ट’ या नावाने निघालं.

हे प्रकरण मी एका कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचते आहे. गेली काही वर्षं मी बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी रेकॉर्ड करते. सत्तरी ओलांडलेली आणि त्या उंबरठ्यावरची माणसं, त्यांच्या ओट्यावर बसून. तो दुष्काळ आणि ज्यूंचा संहार या गोष्टी मी शेजारी ठेवत नाही. ठेवूही नयेत. पण ज्याने भोगलं त्याच्या तोंडून ऐकून ज्याने भोगलं नाही त्याने लिहायचं, ही अडचण मला रोज पडते. आणि ती अडचण इतक्या उघडपणे अंगावर घेतलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

मुख्य साक्षीदार हयात नव्हते

केनीली कामाला लागले तेव्हा गोष्टीतली मधली माणसं जग सोडून गेली होती. शिंडलर ९ ऑक्टोबर १९७४ रोजी हिल्डेसहाइम या जर्मन गावात वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला जेरुसलेममध्ये पुरलं. त्याचा हिशेबनीस मित्र इट्झाक स्टर्न १९६९ मध्येच गेला होता. प्वाशूवचा कमांडंट आमोन ग्योट याला सप्टेंबर १९४६ मध्ये क्राकोवमध्ये फाशी झाली होती. ज्या खोल्यांमध्ये सगळ्यात मोठे निर्णय झाले, त्या खोल्यांत बसलेलं जवळजवळ कोणीच उरलं नव्हतं. उरले होते ते दाराबाहेरचे : कामगार, भांडी घासणाऱ्या बायका, कारकून, त्या वेळची लहान मुलं.

आणि कागद. पोल्डेकच्या कपाटात शिंडलरची पत्रं आणि भाषणं होती, वाचलेल्यांच्या साक्षी होत्या, फोटो होते. फोटोंची कथा मला फार महत्त्वाची वाटते. राइमुंड टिच हा ऑस्ट्रियन गृहस्थ प्वाशूवमधल्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचा व्यवस्थापक. त्याने छावणीत चोरून फोटो काढले : दगडांच्या गाड्या ओढणाऱ्या बायका, बराकी, बाल्कनीत बंदूक घेऊन उघड्या अंगाने उभा असलेला ग्योट. युद्ध संपल्यावरही भीतीपोटी त्याने फिल्म वर्षानुवर्षं लपवून ठेवली. साठच्या दशकात पोल्डेकनी ती त्याच्याकडून विकत घेतली. बाल्कनीतून माणसं टिपणारा कमांडंट ही लेखकाला सुचलेली कल्पना नव्हे. तो तिथे उभा असल्याचा फोटो आहे, आणि त्याच्या गोळ्यांबद्दल साक्षी आहेत.

केनीलींनी सात देशांत मिळून पन्नासेक वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या : ऑस्ट्रेलिया, इस्रायल, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझील. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेतल्या साक्षी वाचल्या. आणि पोल्डेकना बरोबर घेऊन ते पोलंडला गेले.

जागा स्वतः बघणं

क्राकोव शहर युद्धात फारसं उद्ध्वस्त झालं नव्हतं, हे या पुस्तकाचं नशीब. वॉर्सामध्ये असं काम करता आलं नसतं. शिंडलर राहायचा तो स्ट्राशेव्स्कीएगो रस्ता जागेवर होता. नदीपलीकडे झाब्वोचे भागात लिपोवा रस्त्यावरच्या त्याच्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याची इमारत उभी होती. तिथे तेव्हा इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनत. पोड्गुझे भागात घेटो होता तिथली घरं होती. प्वाशूव मात्र जवळपास मोकळं माळरान. ज्यूंच्या दोन दफनभूमींवर ती छावणी उभारली होती आणि तिथले रस्ते थडग्यांचे दगड फोडून घातले होते.

पुस्तकाची सुरुवात बघितली की या प्रवासाचं मोल कळतं. १९४३ ची शरदातली रात्र. उंची पोशाख केलेला, कोटावर स्वस्तिकाची पिन लावलेला एक धिप्पाड माणूस स्ट्राशेव्स्कीएगोवरच्या घरातून बाहेर पडून मोटारीत बसतो आणि कमांडंट ग्योटकडे जेवायला जातो. गोष्ट घेटोत सुरू होत नाही, गॅस चेंबरपाशीही नाही. खाणंपिणं, लाच, गप्पा, आणि त्याच घरात थरथरत वाढणारी मोलकरीण. वाचक आत शिरतो तो शिंडलरच्या मोटारीत बसून.

त्याच प्रास्ताविकात केनीली आपली मोठी अडचण सांगून टाकतात. दुष्टपणावर लिहिणं त्या मानाने सोपं, गोष्टीची सगळी जमीन तोच बळकावून बसतो. चांगुलपणावर लिहिणं जोखमीचं. आणि हा चांगुलपणा तरी कसा? शिंडलर नाझी पक्षाचा सदस्य होता. त्याआधी जर्मन लष्करी हेरखात्यासाठी काम करत होता. युद्धातल्या स्वस्त ज्यू मजुरीवर श्रीमंत व्हायला तो क्राकोवला आला. दारू, बायका, काळाबाजार यांतलं काही त्याने सोडलं नाही. युद्धानंतर हात घातलेला प्रत्येक धंदा बुडाला. आणि याच माणसाने साऱ्या कमाईची लाच वाटून अकराशेहून अधिक जीव वाचवले. त्याला संत करणं जितकं खोटं, तितकंच त्याच्या वाईट सवयी वाचवलेल्या माणसांच्या पारड्यात टाकून मोजणंही खोटं.

इथे आणखी एक गुंता होता, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. केनीलींचा वाटाड्या हाच सगळ्यात मोठा पक्षकार होता. पोल्डेक जिवंत होते ते शिंडलरमुळे. कागद त्यांचे, ओळखी त्यांच्या, दारं त्यांच्यामुळे उघडणारी. असा माणूस बरोबर असेल तर समोरचा साक्षीदार त्याच्यादेखत शिंडलरबद्दल वाकडं काय बोलणार? माझ्याबाबतीत गावचे एक निवृत्त गुरुजी असेच मला घरोघर नेत. ते असताना कोणी दुष्काळी कामावरच्या मुकादमांबद्दल तक्रार केली नाही. ते आले नाहीत त्या दिवशी तीन जणींनी केली.

केनीलींनी यावर काढलेली वाट पुस्तकातच दिसते. शिंडलरविरुद्धचे आरोप त्यांनी गाळले नाहीत. एका ज्यू व्यापारी कुटुंबाचं म्हणणं होतं की सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या माणसांनी मारहाण करून त्यांचा धंदा हिसकावला. तो आरोप पुस्तकात आहे. पोल्डेकचं ऋण त्यांनी लपवलं नाही, पुस्तक शिंडलरच्या स्मृतीला आणि पोल्डेकच्या चिकाटीला अर्पण केलं. पण गोष्ट पोल्डेकच्या आवाजात लिहिली नाही. पोल्डेक त्यात एक पात्र आहेत, इतरांसारखंच तृतीयपुरुषी.

‘काल्पनिक काही नको’

सगळ्यात मोठा निर्णय लिहायला बसताना घ्यायचा होता. केनीली इतिहासकार नव्हते. पाद्री व्हायला गेलेला आणि दीक्षेआधी बाहेर पडलेला मुलगा पुढे कादंबरीकार झाला होता. हातात विद्या एकच, कादंबरीची. तेव्हा त्यांनी ठरवलं की घाट कादंबरीचा ठेवायचा, पण मजकुरात कल्पनेला शिरकाव द्यायचा नाही. लेखकाच्या टिपणात ते सांगतात की काल्पनिक भर घातली तर या नोंदीचं मोल उतरेल. शिंडलरसारख्या माणसाभोवती दंतकथा जमतात, त्या आणि घडलेलं वेगळं ठेवायचा प्रयत्न त्यांनी केला. कुठे कुठे संवाद पुन्हा उभे करावे लागले, कारण मूळ बोलण्याची नोंद त्रोटक होती. हीही कबुली तिथेच आहे.

आपल्याकडच्या वाचकाला या नियमाचं वजन लगेच जाणवणार नाही, कारण आपण दुसऱ्या वळणावर वाढलो. मी शाळेत असताना पेशवाईवरच्या आणि शिवकाळावरच्या कादंबऱ्या अक्षरशः पाठ केल्या होत्या. त्यातली वाक्यं मी वक्तृत्व स्पर्धेत ‘महाराज म्हणाले’ म्हणून ठोकून दिली आहेत. ती वाक्यं महाराज कधीच म्हणाले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. बखरकारांनी प्रसंग रंगवला, कादंबरीकाराने त्याला संवाद दिला, वक्त्याने तो सभेत म्हटला आणि पुढच्या पिढीने इतिहास म्हणून घेतला. त्या कादंबऱ्यांवरचं माझं प्रेम अजून कमी झालेलं नाही. पण तिथे लेखकासमोर साक्षीदार बसलेला नव्हता आणि ‘हे घडलंच नाही’ असं म्हणणारा कोणी दारात उभा नव्हता.

केनीलींच्या बाबतीत तो उभा होता, तोही त्याच शहरात. लॉस एंजेलिसच्या परिसरातच १९७८ मध्ये संहार नाकारणाऱ्यांनी इतिहास संशोधनाचं नाव धारण करणारी एक संस्था काढली होती. आउशवित्झच्या नाझी छावणीत ज्यूंना गॅसने मारल्याचा पुरावा देणाऱ्याला तिने ५० हजार डॉलर्सचं बक्षीस जाहीर केलं. आउशवित्झमधून वाचलेले, तिथे आई आणि बहिणी गमावलेले मेल मर्मेलस्टाइन यांनी आपली साक्ष पाठवली. बक्षीस मिळेना तेव्हा ते कोर्टात गेले. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी लॉस एंजेलिसच्या कोर्टाने नोंदवलं की १९४४ च्या उन्हाळ्यात आउशवित्झमध्ये ज्यूंना गॅसने मारलं गेलं ही वादातीत वस्तुस्थिती आहे, ती सिद्ध करत बसण्याची गरज नाही. १९८५ मध्ये त्या मंडळींना माफी मागून ९० हजार डॉलर्स द्यावे लागले.

पोल्डेकचं दुकान आणि हे कोर्ट एकाच काउंटीत. एका बाजूला पुस्तकाचं काम चालू, दुसऱ्या बाजूला हा खटला. अशा वेळी लेखकाने एक बराक, एक संवाद, एक मूल जरी मनाचं घातलं आणि ते उघडं पडलं, तर नाकारणारा म्हणणार : बघा, हे खोटं, म्हणजे बाकीचंही खोटं. वाचलेल्या माणसाची साक्ष लेखकाच्या एका अलंकारापायी बदनाम होणार. केनीलींचा नियम मला म्हणून साहित्यिक निवड वाटत नाही. साक्ष देणाऱ्यांना दिलेला तो शब्द होता.

या शब्दाची किंमतही पुस्तकाने मोजली आहे. ‘शिंडलर्स आर्क’ वाचताना अनेकदा अडखळायला होतं. पानोपानी नावं येतात, जिची गोष्ट आत्ता सुरू झाली ती बाई दोन परिच्छेदांत नाहीशी होते. ‘काहींच्या मते’, ‘असं सांगतात’, ‘पुढे तिला आठवत होतं’ अशी वाक्यं रंगात आलेला प्रसंग थांबवतात. शिंडलर नेमका कुठल्या क्षणी बदलला, याचं उत्तर हातात येत नाही. मनाने रचलं असतं तर तो क्षण सुबक करता आला असता. पहिल्या वाचनात मला हा दोष वाटला होता. आता वाटत नाही. ज्याचा पुरावा नाही ती जागा मोकळी दिसते आणि मोकळीच राहते.

यादी

आता पुस्तकातल्या सगळ्यात अवघड जागेकडे येते.

१९४४ च्या उन्हाळ्यानंतर सोव्हिएत लाल सैन्य जवळ आलं तसं प्वाशूव बंद करायचं ठरलं. तिथल्या कैद्यांचा पुढचा मुक्काम बहुतेक आउशवित्झ किंवा ग्रोस-रोझेन या दुसऱ्या छळछावण्या. शिंडलरने लाच आणि ओळखी वापरून आपला कारखाना मोरावियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ब्रुनलिट्झला हलवायची आणि कामगार बरोबर न्यायची परवानगी मिळवली. सुमारे ७०० पुरुष आणि ३०० बायका. कोण जाणार याची यादी झाली. पुरुष ग्रोस-रोझेनमार्गे पोचले. बायकांना आउशवित्झमध्ये नेलं आणि काही आठवडे तिथे ठेवलं. मग त्या सुटल्या. शिंडलरने हिरे देऊन कोणाला पाठवलं, की आणखी काही केलं, याच्या एकापेक्षा जास्त हकिगती वाचलेल्यांमध्ये आहेत. केनीलींनी त्यातली एक निवडून बाकीच्या पुसल्या नाहीत.

मग यादी कोणी केली? हा प्रश्न पन्नास माणसांना विचारला तर काय होतं, हे केनीलींनी अनुभवलं. पुस्तकात ते लिहितात की यादीच्या अस्तित्वाबद्दल शंका नाही, तिची प्रत याद वाशेममध्ये आहे. पण ती कशी झाली याच्या आठवणी धूसर होतात, कारण ती इतक्या उत्कटतेने आठवली जाते की त्या धगीनेच आठवण वितळते. ही संपूर्ण पुस्तकातली माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक जागा. ज्या कागदावर नाव असणं म्हणजे जगणं आणि नसणं म्हणजे मरण, त्याची आठवण थंड डोक्याने कोण ठेवेल?

शिंडलरला यादीचं श्रेय पुस्तक देतं. पण त्याच पानांवर मार्सेल गोल्डबर्गही आहे : प्वाशूवच्या कार्यालयातला ज्यू कारकून, ज्याच्या हातात नावं घालणं-काढणं होतं आणि जो त्यासाठी पैसे, हिरे घ्यायचा. म्हणजे कोणाचं नाव चढलं तेव्हा कोणाचं तरी उतरलं. वाचलेल्यांपैकी अनेकांना हे ठाऊक होतं, आणि चार दशकांनंतर परक्या माणसाला हे सांगणं सोपं नसणार. केनीलींना ते सांगितलं गेलं आणि त्यांनी ते छापलं. या पुस्तकावरून निघालेल्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९९३ च्या चित्रपटात शिंडलर नावं सांगतो आणि स्टर्न टाइप करतो. त्या दृश्याने जगाच्या मनात घर केलं. पुस्तकातली गढूळ, लाचेचा वास येणारी हकिगत मागे पडली.

२००४ मध्ये डेव्हिड क्रो या अमेरिकन इतिहासकाराचं शिंडलरचं मोठं चरित्र आलं. कागदपत्रं तपासून त्यांनी दाखवलं की यादी घडवण्यात शिंडलरचा हात फारच थोडा होता. ग्योटच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीत त्याच सुमाराला शिंडलरलाही अटक झाली होती. नावं बहुतांशी गोल्डबर्गच्या हाताने चढली. आणि यादी एक नव्हतीच, वेगवेगळ्या तारखांच्या अनेक होत्या. क्रो यांनी शिंडलरला खाली खेचलं असं मी म्हणणार नाही, कारखाना हलवण्याचा आणि शेवटपर्यंत माणसं जगवण्याचा त्याचा पराक्रम त्यांच्या पुस्तकातही तसाच उभा आहे. पण केनीलींचा ‘काल्पनिक काही नको’ हा नियम इथे तोकडा पडला हे मान्य करावं लागतं. लेखकाने काही रचलं नाही म्हणून साक्षीदारांच्या आठवणीनेही काही रचलं नसेल, असं होत नाही. धूसरपणा त्यांना दिसला, त्यांनी तसं लिहिलं, आणि तरीही गोष्टीचा तोल शिंडलरकडे झुकला. अमेरिकेत पुस्तकाचं नाव बदललं तेव्हा सगळा भार नेमका या धूसर जागेवर आला. ‘तारू’ या नावात तो नव्हता.

कागद तरी पूर्ण खरा आहे का? यादीत प्रत्येक नावापुढे जन्मतारीख आणि धंदा आहे. कितीतरी जणांपुढे धातुकामगार. त्यातले कित्येक आयुष्यात कधी लेथवर उभे राहिले नव्हते. वयं बदललेली, कारण फार लहान किंवा फार म्हातारा कामाचा नाही. ही खोटी नोंदच जीव वाचवत होती. ती खरी मानणारा संशोधक फसेल, आणि खोटी म्हणून फेकणारा त्याहून जास्त.

जे राहिलं

शिंडलरची पत्नी एमिली हिच्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. जानेवारी १९४५ मध्ये आउशवित्झच्या गोलेशूव इथल्या उपछावणीतून निघालेले, कोणी घ्यायला तयार नसलेले गुरांचे डबे ब्रुनलिट्झला पोचले. आत शंभराहून अधिक माणसं, काही गोठून मेलेली, उरलेली हाडांचे सापळे. एमिलीने त्यांची शुश्रूषा केली, घासाघासाने भरवून माणसं उभी केली. पुस्तकात हे आहे. तरीही आख्यायिका शिंडलरची झाली. युद्धानंतर दोघं अर्जेंटिनाला गेली, तो तिला तिथे सोडून जर्मनीला परतला, आणि पुढे आठवणी लिहिताना तिने तो राग झाकला नाही. इस्रायलने ‘राष्ट्रांमधील सज्जन’ हा मान दोघांना मिळून औपचारिकपणे दिला तो १९९३ मध्ये.

शिवाय पन्नास मुलाखती पन्नास वाचलेल्यांच्या. युद्धाआधी क्राकोवमध्ये साठ हजारांच्या आसपास ज्यू राहत होते. ज्यांचं नाव यादीतून खोडलं गेलं, त्यांची मुलाखत कोण घेणार? केनीलींना हे माहीत होतं. पुस्तकात मारल्या गेलेल्यांची नावं इतकी का आहेत, हे मला त्यामुळेच समजलं. वाचताना ज्या नावांच्या गर्दीने मी वैतागले होते, ती गर्दी नसती तर ही माणसं कुठेच आली नसती.

बुकरचा वाद थोडक्यात. १९८२ चा बुकर या पुस्तकाला मिळाला आणि हा पुरस्कार कादंबरीसाठी असताना जे काल्पनिक नाही त्याला कसा दिला, म्हणून ओरड झाली. मला या वादात फारसं सापडत नाही. ग्रंथालयात ते कुठल्या फडताळावर ठेवायचं हा ग्रंथपालाचा प्रश्न आहे.

सहा खोकी

केनीलींचे या पुस्तकाचे कागद १९९६ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालयाने विकत घेतले. सहा खोकी. आत काय काय आहे याची पूर्ण कल्पना ग्रंथालयालाही नव्हती. २००९ मध्ये तिथल्या एका संशोधिकेला संशोधनाची टिपणं आणि जर्मन वर्तमानपत्रांची कात्रणं यांच्यामध्ये पिवळट पडलेली तेरा पानं सापडली. टाइप केलेल्या मजकुराची कार्बन कॉपी. तारीख १८ एप्रिल १९४५, म्हणजे ब्रुनलिट्झमधल्या शेवटच्या आठवड्यांतली. ८०१ पुरुषांची नावं. पोल्डेकनी १९८० मध्ये दिलेली तीच प्रत. १७३ क्रमांकावर नाव होतं लिओपोल्ड फेफरबेर्ग.

पोल्डेक तोवर नव्हते, ते २००१ मध्ये गेले. म्हणजे त्यांनी केनीलींना पहिल्या भेटीतच आपलं स्वतःचं नाव असलेला कागद हातात दिला होता, दुकानदार मालाचं बिल देतो तसा, आणि तो पुढची जवळपास तीस वर्षं टिपणांच्या गठ्ठ्यात पडून राहिला.

ती बातमी वाचली तेव्हा माझ्याकडे दोन बहिणींची रेकॉर्डिंग्ज लिहून काढायची राहिली होती. दोघी बहात्तर साली खडी फोडायच्या कामावर होत्या. थोरली तेराची, मस्टरवर अठराची. नाव कसं चढलं? थोरली म्हणते, मुकादमांना दया आली, त्यांनीच वय वाढवून लावलं. धाकटी म्हणते, आईने पायातले तोडे नेऊन दिले तेव्हा लावलं, मी तिच्याबरोबर होते. बातमी वाचेपर्यंत मी थोरलीचं खरं धरून चालले होते, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं आणि काम तिने केलं होतं.

मी पुन्हा गावी गेले. या वेळी गुरुजींना बरोबर घेतलं नाही. दोघींना एकाच ओट्यावर बसवून विचारलं. थोरली बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तोडे नव्हते त्यानंतर आईच्या पायात. ते खरंय.” मुकादम दयाळू होते हे मात्र तिने मागे घेतलं नाही. धाकटीने मान हलवली आणि ती चहा टाकायला आत गेली. मी वहीत दोन्ही लिहून घेतलं, तारखेसह, आणि कोणी काय म्हटलं त्यापुढे तिचं नाव घातलं.